तेरावी ओळ

मार्केट स्ट्रीट, लोकरीच्या दुकानावरची खोली
१८ फेब्रुवारी १९९६

एनॉक,

पाकिटावरचा पत्ता मुद्दाम ऑफिसातल्या टाइपरायटरवर मारला आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर पाकीट न उघडताच घड्याळामागे खोचून ठेवलं असतंस, आणि मग महिनाभर त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं असतंस. मी ओळखते ना तुला. आता उघडलंच आहेस तर वाच. चहा गार होऊ दे.

केझिया लग्न करते आहे. अकरा मे, शनिवार, सकाळी अकरा, आमच्याच नोंदणी कार्यालयात. मुलाचं नाव नील ओल्डरॉइड. बॉयलर दुरुस्त करतो, हात काळे, मन साफ. तुझ्या लेकीने तुला रीतसर कार्ड पाठवलं होतं आणि ते तू परत केलंस. निदान फाडायचं तरी! परत पाठवायला पुन्हा तिकीट लावलंस, म्हणजे तेवढा खटाटोप केलास. यावर मी विचार करते आहे.

मी घर सोडलं त्याला दोन वर्षं झाली. का सोडलं ते तुला माहीत आहे, पण तू अलीकडे लोकांना "तिची नोकरी तिकडे आहे" असं सांगतोस म्हणे, म्हणून एकदा लिहून ठेवते. आपली मुलगी त्या रविवारी चॅपलमध्ये ऑर्गन वाजवता वाजवता थांबली, झाकण लावलं आणि म्हणाली, "बाबा, माझा विश्वास उरलेला नाही. खोटं वाजवणार नाही." तू घरी येऊन म्हणालास, "मग माझ्या टेबलावर जेवायला यायचं नाही." आणि मी म्हणाले, "मग मीही नाही." झालं. एवढंच. नोकरीबिकरी काही नाही.

आता मुद्दा. केझियाला लग्नात एक सॉनेट वाचायचं आहे. कुठलं ते सांगायला नको. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली आपली ती चाळिशी उलटलेली, एका डोळ्याने अधू शाळामास्तरीण, तिचं उशिरा आलेल्या पाहुणीचं सॉनेट. तू ते भांडी विसळताना म्हणायचास. लेकीला वाटतं, ते तूच वाचावंस. मी तिला सांगितलं, "तुझे बाबा येणार नाहीत, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही." ती म्हणाली, "विचारून तर बघ."

विचारलं.

इथे माझं छान चाललंय. खोली उबदार आहे.

डोरकस

मार्केट स्ट्रीट
१० मार्च

एनॉक,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "देव नसलेल्या खोलीत मी पाय ठेवणार नाही. कोबी बरा आला आहे." दोनच वाक्यं, पण दुसरं लिहायची काय गरज होती, सांग बरं? कोबीचं मला का कळवतोस? ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी खोड जात नाही.

पण पहिल्या वाक्यात तू अर्धा बरोबर आहेस, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या खोलीत देव नाही हे खरं. ठेवायचाच नाही असा कायदा आहे. नोंदणी लग्नात धार्मिक काही म्हणायचं नाही, गायचं नाही, वाचायचं नाही. जोडपी जे वाचणार ते आधी आमच्याकडे आणून देतात आणि आमचे साहेब, मिस्टर इलिंगवर्थ, लाल पेन्सिल घेऊन बसतात. देव, प्रार्थना, स्वर्ग, देवदूत, सगळ्यांवर काट. 'आत्मा' चालतो की नाही यावर त्यांनी एकदा अख्खा मंगळवार माझं डोकं खाल्लं. शेवटी ठरलं, आत्मा चालेल, पण अमर असता कामा नये.

आणि गंमत सांगू? दहातली सहा जोडपी त्याच बाईची सॉनेटं आणतात! तिच्या जवळजवळ प्रत्येक सॉनेटात कुठे ना कुठे देव डोकावतोच. मग रडारड. एका पोराने 'प्रार्थना' खोडून तिथे 'फुटबॉल' घातलं आणि म्हणाला, "भावना तीच आहे, मॅडम." साहेबांनी पास केलं. मी तोंडावर फाइल धरून बसले.

मला याचं फार नवल वाटायला लागलंय. ती बाई जाऊन शंभरावर वर्षं झाली. तिच्या काळातल्या टोप्या गेल्या, घोडागाड्या गेल्या, आपली लोकरीची गिरणीसुद्धा गेली. हिची सॉनेटं का नाही गेली? म्हणून मी विचारायला सुरुवात केली आहे. अर्जावर सह्या झाल्या की सहज म्हणून विचारते, "हेच का घेतलंत?"

केस हिरवे रंगवलेली एक पोरगी म्हणाली, "आजीच्या कार्डावर छापलं होतं." ठीक. एक वकील म्हणाला, "अभिजात आहे." त्याच्या होणाऱ्या बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता लग्नच मोडतंय. पण काल मिसेस हार्डकासल आल्या होत्या, खाटकाच्या विधवा, सत्तरीच्या. बसड्रायव्हर अल्बर्टशी लग्न करतायत. त्या म्हणाल्या, "अगं डोरकस, बाकीचे कवी बाईच्या डोळ्यांचं कौतुक करतात. माझ्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. ही बाई कुणाचं कौतुकच करत नाही. ती नुसती विचारत राहते, 'मी? नक्की मीच? चुकून दुसऱ्या कुणाला तर नाही ना बोलावलंस?'" आणि अल्बर्ट शेजारी बसून म्हणतो कसा, "मी तर रोज सकाळी तेच विचारतो. तिच्या टोस्टमुळे."

हसले मी, पण रात्री झोप येईना. खोली गार पडते म्हणून असेल.

उत्तर दे. कोबीशिवाय.

डोरकस

मार्केट स्ट्रीट
७ एप्रिल, ईस्टर

एनॉक,

आज तू चॅपलमध्ये प्रवचन केलं असशील. निळा टाय लावलास का? तो डावीकडच्या खणात आहे, मोज्यांखाली. तुला सापडत नसणार.

मला एक गोष्ट आठवली आणि ती मी तुला सांगणारच. अठ्ठावन्न साली चॅपलच्या चहापार्टीला सगळ्यांनी काहीतरी म्हणून दाखवायचं होतं. तू तेव्हा गिरणीत लोकर निवडायचास, अंगाला मेंढीचा वास. सगळ्यांनी स्तोत्रं म्हटली आणि तू उभा राहून ते सॉनेट म्हटलंस. बाई कुणाच्या तरी घरी उशिरा पोचते. दिवा लागलेला, जेवण आटोपलेलं. ती उंबऱ्यातूनच परत फिरणार, तर तो स्वतःचं ताट तिच्याकडे सरकवतो. तू ते माझ्याकडे बघत म्हटलंस. सगळ्यांच्या बश्या थांबल्या! पाद्रीबुवा लालेलाल. "सग्डन, चॅपलमध्ये प्रेमाची कविता?" आणि तू, इतका लाजाळू माणूस, ताठ उभा राहून म्हणालास, "तेराव्या ओळीत देवाचं नाव आहे, साहेब. बघा हवं तर." बुवांनी पुस्तक मागवून बघितलं. होतं. पुस्तक मिटलं बिचाऱ्यांनी.

तेव्हा त्यात देव होता म्हणून ते चाललं. आता त्यात देव आहे म्हणून ते चालत नाही. साहेबांनी परवा केझियाच्या कागदावरची नेमकी तीच ओळ खोडली. "बालपणानंतर प्रथमच, तोंडात घास असताना, मी देवाचे आभार मानले." लाल काट. म्हणाले, "मिसेस सग्डन, मला वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम. तुमची मुलगी म्हणून सोडलं, तर उद्या तो फुटबॉलवाला येऊन उभा राहील." त्यांचं चूक नाही. मी स्वतः असं कितीजणांना सांगितलंय.

त्यांनी सुचवलं, 'देवाचे' काढून 'तुझे' घाला. केझिया ऐकेना. "मी बदलणार नाही," म्हणाली. मी म्हटलं, "अगं, तुझा तर विश्वासच नाही, मग त्या एका शब्दावर का अडून बसतेस?" तर म्हणाली, "माझा नाही. तिचा होता. तिचं तोंड मी कशाला दाबू? आणि बाबा ती ओळ म्हणताना ताटली खाली ठेवायचे आणि थांबायचे. मला ते सॉनेट तसंच माहीत आहे. ओळ रिकामी सोडीन, तिथे गप्प उभी राहीन, पण बदलणार नाही."

तुझी लेक आहे. आडात आहे तेच पोहऱ्यात आलंय.

आणि एनॉक, बायांनी ते सॉनेट इतकी वर्षं का धरून ठेवलंय, ते मला आता थोडं थोडं कळायला लागलंय. लोकांना वाटतं, प्रेमाची कविता म्हणजे "तू किती सुंदर." तसल्या कविता सुंदर माणसांच्या कामाच्या. ही बाई उशिरा आलेल्यांची आहे, ज्यांना आपल्यासाठी काही उरलं असेल असं वाटलेलंच नसतं. बघ ना, माझ्यासमोर बसणारी माणसं कोण असतात? एकदा घटस्फोट झालेली, टक्कल पडलेली, दात पुढे आलेली, बोलताना अडखळणारी. वीस वर्षांची पोरंसुद्धा मनातून अशीच घाबरलेली असतात. सगळ्यांना तोच एक प्रश्न पडलेला असतो, "माझ्यात काय पाहिलंस?" आणि ही बाई तो मोठ्याने विचारते, न लाजता, चांगल्या यमकात.

मी हा प्रश्न तुला कधी विचारला नाही. आता विचारते. माझ्यात काय पाहिलं होतंस? तेव्हा माझ्या नाकावर ती मोठी पुटकुळी होती, मला आठवतंय.

केझिया तुझ्या उत्तराची वाट बघते आहे. फक्त येतोस की नाही एवढं कळव. ती रोज विचारते आणि मी रोज "अजून पोस्टमन आला नाही" असं सांगते. पोस्टमन खालच्या दुकानात बसून चहा पीत असतो, ते तिला दिसत असतं.

डोरकस

मार्केट स्ट्रीट
८ मे

एनॉक,

तुझं कार्ड आलं. "चौदातली एक ओळ काढली तर ते सॉनेट राहत नाही. तेरा ओळींचं काही मी वाचणार नाही. खिडकीची कडी दुरुस्त केली."

म्हणजे नाही. बरं.

केझियाला मी कार्ड दाखवलं. तिने वाचलं, परत वाचलं, आणि म्हणाली, "बरोबर आहे बाबांचं. तेरा ओळींचं ते सॉनेट नाहीच." मग खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी पाठीवर हात ठेवायला गेले तर म्हणाली, "आई, आत्ता नको, नाहीतर मी रडेन आणि नीलला वाटेल मी त्याच्यामुळे रडते आहे." ती स्वतःच वाचणार आहे. ती ओळ आली की गप्प उभी राहणार आहे.

मी तुला आग्रह करत नाही. पाय धरणं माझ्या स्वभावात नाही आणि तुझे गुडघे माझ्यापेक्षा जास्त दुखतात. फक्त कामाची माहिती म्हणून आमच्या कायद्यातली एक गोष्ट सांगते, कारण तुला नियम आवडतात. लग्न चालू असताना खोलीचं दार लावता येत नाही. कुणाला हरकत असेल तर आत येऊन सांगता आली पाहिजे, म्हणून ते उघडंच ठेवावं लागतं. बाहेरच्या बोळात कुणीही उभं राहू शकतं. बोळ खोलीत धरत नाहीत. तिथे छत्र्या ठेवायचा स्टँड आणि गॅसचा मीटर आहे. तिथे देव आहे की नाही, यावर कायदा काही म्हणत नाही.

माहिती म्हणून सांगितलं.

आणि "कडी दुरुस्त केली" म्हणजे कुठल्या खिडकीची? माझ्या बाजूच्या?

डोरकस

मार्केट स्ट्रीट
१९ मे

एनॉक,

तू पळून गेलास. हॅम सँडविच नाही, केक नाही, चहासुद्धा नाही. तुला वाटलं असेल, कुणी पाहिलं नाही. म्हणून आत काय झालं आणि नंतर काय झालं, ते सगळं लिहिते.

मी पहिल्या रांगेत, जांभळी टोपी घालून. स्वतःच्या मुलीचं लग्न मला लावता येत नाही, म्हणून साहेबच उभे होते. केझियाने क्रीम रंगाचा साधा ड्रेस घातला होता. हातात कागद धरून तिने वाचायला सुरुवात केली. आवाज तुझा आहे तिचा. दिवा लागलेला, जेवण संपलेलं, बाई उंबऱ्यात, त्याने ताट सरकवलं, तिने पहिला घास घेतला. बारा ओळी झाल्या. आणि ती थांबली.

खोलीत इतकी शांतता झाली की अल्बर्ट आणि मिसेस हार्डकासलच्या मागे बसलेल्या कुणाच्या तरी पोटात गुरगुरलेलं ऐकू आलं. केझिया समोर बघत उभी. ती कुणाची वाट बघत नव्हती, एनॉक. तिला तेवढंच गप्प राहायचं होतं.

आणि तेवढ्यात बोळातून तुझा आवाज आला.

चॅपलच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज! संपूर्ण ओळ. "बालपणानंतर प्रथमच, तोंडात घास असताना, मी देवाचे आभार मानले." शेवटचा शब्द जरा फुटला. मी मान वळवली नाही. वळवली असती तर मी उठून आले असते, आणि मग तू पाच मिनिटं आधी पळाला असतास. केझियाने डोळे मिटले, उघडले, आणि चौदावी ओळ म्हटली, "आणि तू विचारलंस, अजून वाढू?"

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. त्यांची लाल पेन्सिल खिशात होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "बाहेर जनता काही बोलली तर ते समारंभात धरत नाहीत. पुढे चला." नंतर सँडविच खाताना मला हळूच विचारत होते, "कोण हो तो? छान म्हणतो." मी म्हटलं, "गॅसचा मीटर बघायला आलेला असेल."

आता पुढचं ऐक, कारण हे तुला माहीत नाही. सह्या झाल्यावर नील हवा खायला बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. केझिया म्हणाली, "नवरा पळाला की काय?" मग आला, कफ काळे, कपाळावर घाम. म्हणाला, "उतारावर एका म्हाताऱ्याची व्हॅन सुरू होत नव्हती. जुनी, हिरवी. ढकलून दिली. नीट थँक्यूसुद्धा म्हणाला नाही. माझ्या कोटावरच्या फुलाकडे बघत बसला आणि म्हणाला, 'चोक अर्धाच ओढायचा असतो, मी नेहमी पुरा ओढतो.' आणि गेला."

एनॉक, तुला ढकलणारा तो तुझा जावई! ज्याच्यापासून तू पळत होतास त्यानेच तुला पळायला मदत केली. केझिया जी हसायला लागली ती थांबेचना, मग हसता हसता रडायला लागली, आणि नील घाबरून म्हणतो, "मी काय केलं? चोक खरंच अर्धाच ओढायचा असतो!" तिने त्याच्या काळ्या कफाचा मुका घेतला. ड्रेसला डाग पडला. धुवायचा नाही म्हणते.

तू तेरा ओळींचं काही वाचणार नाहीस म्हणाला होतास आणि नेमकी एकच ओळ म्हणायला दहा मैल आलास. मी शंभर जोडप्यांना विचारलं, ही सॉनेटं का टिकली, आणि त्यांनी काही ना काही उत्तर दिलं. तुझं उत्तर मी त्यांच्यात धरत नाही. ते माझ्यासाठी ठेवून घेतलं आहे.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तू अजून दिलेलं नाहीस. पुटकुळीबद्दलच्या. घाई नाही.

खोली उबदार आहे असं मी लिहिलं होतं. नाहीये. हीटर डिसेंबरमध्येच बंद पडला. नीलने दोनदा दुरुस्त केला, पण घरमालकीण नळी बदलू देत नाही.

आता पाकीट उलटून बघ. तिकीट नाही, शिक्का नाही. हे पोस्टमनने टाकलेलं नाही. लग्नानंतर आठ दिवस केझिया म्हणत राहिली, "आई, मी जाऊ?" आणि मी म्हणत राहिले, "तुझं तू ठरव." आज सकाळी तिने ठरवलं. तिनेच हे दारातल्या फटीतून आत सरकवलं आहे आणि ती फाटकाशी उभी आहे. तिचा विश्वास परत आलेला नाही. तिला फक्त तिचे बाबा हवे आहेत. तिथे वारा फार आहे आणि ती कोट विसरली आहे, म्हणून पत्र दुसऱ्यांदा वाचत बसू नकोस.

आधी तिला आत घे. मग, वाटलं तर, खाली रस्त्यावर ये. मी गाडीत बसले आहे.

डोरकस